एक तारखेच्या आधीचे मासे

आत्याचा आकडा चुकत नाही, ही त्या कार्यालयात उरलेली शेवटची श्रद्धा होती. बाकी सगळ्यावरचा विश्वास केव्हाच उडाला होता: लिफ्टवरचा, नव्या संगणकावरचा, साहेबांच्या 'दोन मिनिटांत येतो'वरचा. पण यंदा बंधाऱ्यावरून किती मासे वर गेले, असं कुणी विचारलं आणि आत्याने आकडा सांगितला, की ती काळ्या दगडावरची रेघ. एकतीस वर्षं हे असं चाललं होतं.

खारूला ही श्रद्धा घरातूनच मिळाली होती. आत्या म्हणजे तिच्या वडिलांची मोठी बहीण. पोर पेन्सिली कुरतडायची म्हणून 'खारू' हे नावही तिनेच ठेवलेलं. पुढे पोरगी जीवशास्त्र शिकून त्याच कार्यालयात अधिकारी होऊन आली, तरी नाव काही बदललं नाही. हुद्द्याने खारू तीन पायऱ्या वर. चारचौघांत आत्या तिला 'मॅडम' म्हणायची, पण अशा सुरात, की ऐकणाऱ्याला वाटावं, आता ही मॅडमचं नाक पुसणार. खारूच्या लग्नात जेवणं आटोपल्यावर तिने कुणी न विचारता सांगून टाकलं होतं, "चारशे बारा माणसं जेवली. त्यातली दोघं दोनदा बसली. कोण ते सांगत नाही."

आता तिचं काम काय, ते सांगायला हवं. नदीवर बंधारा घातला तेव्हा समुद्रातून वरच्या तळ्यांकडे अंडी घालायला जाणाऱ्या माशांची वाट अडली. त्यांचं शास्त्रीय नाव लांबलचक आहे, पण सगळे त्यांना चंदेरीच म्हणतात. त्यांच्यासाठी बंधाऱ्याच्या कडेने सिमेंटचा जिना बांधला, पायरीपायरीने पाणी उतरणारा. त्या जिन्यात एके ठिकाणी वाट मुद्दाम दीड वीत रुंदीची केलेली आहे आणि तिच्या एका बाजूला काच आहे. काचेच्या अलीकडे जमिनीखाली एक खोली. खोलीत खुर्ची, टेबल, कपाट, भिंतीवर पाण्याचं तापमान दाखवणारी तबकडी, आणि आत्या. एक एप्रिल ते तीस जून, उजाडल्यापासून मावळेपर्यंत. चंदेरी हा उजेडाचा मासा, अंधार पडला की असेल तिथे थांबतो. आत्याही तेव्हाच उठायची.

हे काम ज्याला सोपं वाटतं त्याने दहा मिनिटं करून बघावं. मासे काही रांगेत येत नाहीत. चार एकदम येतात, त्यातला एक दुसऱ्याच्या आड असतो, दोन अर्ध्यावर येऊन मागे फिरतात आणि पुन्हा येतात. आत्याच्या उजव्या मुठीत वर जाणाऱ्यांचं मोजणीयंत्र असायचं आणि डाव्या मुठीत मागे फिरणाऱ्यांचं. दोन्ही अंगठे वेगवेगळ्या तालात चालायचे आणि चेहऱ्यावर रेघ हलायची नाही. खारूने शिकत असताना एक महिना शेजारी बसून मोजून पाहिलं होतं. रोज संध्याकाळी तिचा आकडा आत्याच्या आकड्यापेक्षा शंभर-दीडशेने कमी भरायचा, आणि आत्या म्हणायची, "तू मासे मोजत नाहीस, तू मासे बघतेस."

अशा बाईचे आकडे गेली काही वर्षं घसरत चालले होते. एके काळी मोसमाला चाळीस हजार चंदेरी चढायच्या, गेल्या वर्षी चढल्या अकरा हजार दोनशे सहा. खाली खाडीच्या तोंडाशी मासेमारांची जाळी रिकामी येत होती. त्याच काळात बंधाऱ्याखाली पाणमांजरं मात्र वाढली होती. पूर्वी एक जोडी असायची, आता मोठी सात आणि यंदाची दोन पिल्लं. मासे कमी, मासे खाणारे जास्त. मासेमारांनी अर्ज केला, साहेबांनी अहवाल मागवला, आणि खारूने तो लिहिला. समुद्र तापल्यामुळे खाडीतली शिकार आटली, म्हणून पाणमांजरं नदीने वर सरकली, जिन्याच्या तोंडाशी ठाण मांडून बसली आणि मासा संपवू लागली, असा त्याचा मथितार्थ. शिफारस एकच: नऊही पाणमांजरं पकडून दूरच्या जलाशयात सोडावीत.

शिफारस लिहिताना तिचा हात जड झाला होता. पाणमांजराचं कुटुंब फोडून परक्या पाण्यात सोडलं की पिल्लं बहुतेक जगत नाहीत, हे तिला पुरतं ठाऊक होतं. पण आकडे आत्याचे होते, आणि आत्याच्या आकड्यांपुढे हळवेपणाचं काय चालणार! नऊ पिंजरे येऊन कार्यालयाच्या वऱ्हांड्यात पडले होते. कुणीतरी त्यांच्यावर छत्री वाळत घातली होती. सोमवारी ते लावायचे होते.

गुरुवारी सकाळी खारू अहवाल घेऊन बंधाऱ्यावर गेली. शेवटच्या पानावर 'आकडे तपासले, बरोबर आढळले' असं छापलेलं होतं आणि त्याखाली आत्याची सही हवी होती. तारीख होती बारा मार्च. मोजणीला अजून वीस दिवस होते, एरवी या दिवसांत खोलीला कुलूप असायचं. पण आत्या जूनअखेर निवृत्त होणार होती, तिच्या जागी कॅमेरा बसणार होता, आणि तो बसवणारी माणसं उद्या यायची होती. म्हणून काच लवकर साफ करायचं फर्मान निघालं होतं.

आत्या पायऱ्यांवर बसून अहवाल वाचत होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. वाचून झाल्यावर तिने तो मिटला.

"हे सगळं माझ्या आकड्यांवर?"

"तुझ्याच. दुसरे कोणाचे आहेत?"

"आणि पाणमांजरं दोनाची नऊ झाली."

"हो."

"खारू, ज्या घरात खायला नाही त्या घरात पोरं वाढतात का गं? बंधाऱ्याखालची ती थोरली बघितलीस? पाठीवर पाणी ठरत नाही इतकी तुकतुकीत झालीय. उपाशी बाई अशी दिसते?"

"आत्या, ती खालून वर आलीत. उरलासुरला मासा खाऊन वाढतायत. शेवटी तीही मरतील. अशी उदाहरणं आहेत."

"असतील बाई. तू शिकलेली." आत्या उठली. "सही करते. आधी काच बघू. सही काय, मग हात धुऊन करता येईल."

ही तिची नेहमीची रीत. न पटलेल्या गोष्टीला ती नाही म्हणत नसे, आधी दुसरं काहीतरी काम काढायची. दोघी खाली उतरल्या. खोलीत थंडगार ओला वास होता. काचेवर अलीकडून लाकडी झडप असते, ती मोसम सोडून बंद. वरून पाहावं तर जिन्यात नुसता फेस, आत काय चाललंय ते कळायला झडपेशिवाय मार्ग नाही. आत्याने खिट्टी काढली, झडप वर सरकवली आणि हात तसाच वर राहिला.

काचेपलीकडून मासे चालले होते.

एखाददुसरा नव्हे. काच भरून चालले होते. खालून वर, नाकासमोर, पाण्याचा सगळा जोर अंगावर घेत. प्रत्येकाच्या कुशीवर वरच्या जाळीतून आलेला उजेड पडायचा आणि पुढच्याच क्षणी दुसऱ्याच्या कुशीवर असायचा. मोठ्या माद्या पोटात अंडी घेऊन काचेला घासून जात होत्या, इतक्या जवळून, की खवल्याखवल्याची कड दिसावी. समुद्रातून निघून, खाडी ओलांडून, काही न खाता, चाळीस कोस उलट्या पाण्याने त्या इथवर आल्या होत्या, आणि थकल्याची खूण म्हणून एक कल्लाही वाकडा हलत नव्हता. खारूने हे आधी पाहिलं होतं, पण एप्रिलच्या शेवटी, ऐन भरात. बारा मार्चला हे इथे असण्याचं काही कारणच नव्हतं.

मग मासे एकदम फाकले. खालून एक काळसर लांब अंग वळसा घेत आलं, सगळं अंग म्हणजे एकच स्नायू असावा तसं. थोरली पाणमांजर. तिने घाई केली नाही. पन्नास चंदेरी सोडल्या आणि कडेने मागे पडत चाललेली एक उचलली, मानेला धरून, आणि आली तशी खाली गेली. दोन क्षणांत काच पुन्हा भरली. किती नेमकं काम! इतकं नेमकं काम करणारी ती या जगात फक्त आणखी एका बाईला ओळखत होती, आणि ती बाई शेजारी उभी राहून रिकाम्या हातांचे अंगठे हलवत होती.

बऱ्याच वेळाने आत्या म्हणाली, "पंधरा मिनिटांत सहाशे चाळीस."

"आत्या, आज बारा तारीख आहे."

"मला दिसतंय." ती तबकडीकडे वळली. "आणि पाणी बारा अंश आहे. चंदेरी बारा अंशांची वाट बघते, एक तारखेची नाही बघत. पूर्वी पाणी एक एप्रिलच्या सुमाराला बारा व्हायचं, म्हणून कुणा शहाण्या साहेबाने ती तारीख ठरवली. तेव्हा बरोबर होती."

मग ती काचेजवळ गेली आणि काचेवर बोट टेकवलं. काचेचा वरचा पट्टा पलीकडून शेवाळाने हिरवागार होता. खालचा भाग, माशांच्या उंचीइतका, स्वच्छ होता.

"अगं बाई," ती म्हणाली, आणि खुर्चीवर बसली.

खारूने आत्याला असं कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. पाण्याची बाटली पुढे केली तर तिने ती हाताने बाजूला सारली.

"ही काच दर वर्षी मी अठ्ठावीस मार्चला उघडते," आत्या म्हणाली. "आधी काय शेवाळ असायचं! वरून जाळीतून लांब दांड्याची खरवडणी घालायची, दोन दिवस घासायचं, दोन पाती मोडायची. दर वर्षी दोन नव्या पात्यांची मागणी लिहायची मी. मग एका वर्षी उघडली तर काच अर्धी साफ. म्हटलं, चला, बरं झालं. पाण्याचा जोर वाढला असेल. दुसऱ्या वर्षीही तसंच. पाती मागवायची बंद केली. त्याबद्दल काटकसर म्हणून माझी पाठ थोपटली होती, आठवतं? आयती पुसलेली काच मिळते म्हणून मी खूश. कोण पुसतंय हे विचारलं नाही."

"किती वर्षं झाली?"

"नऊ."

तिने विचार करून सांगितलं नाही, पण तरीही कपाट उघडून वह्या काढल्या. एकतीस वह्या, वर्षाला एक. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर पहिल्या दिवसाचं तापमान तिच्याच गोल अक्षरात होतं. बारा, बारा, साडेअकरा, बारा. मग तेरा. मग चौदा. शेवटच्या वहीत सोळा. हा रकाना कुणीच वाचत नसे. खारूनेही अहवालासाठी फक्त माशांचे आकडे उतरवून घेतले होते.

एकदा सूत सापडल्यावर पुढचं सगळं आपोआप उलगडत गेलं. मासेमारांचा परवाना एक एप्रिलपासून. जाळी पाण्यात पडायची तोवर मुख्य लोंढा वर निघून गेलेला असायचा, म्हणून जाळी रिकामी. आत्याची काच उघडायची तोवर शेपूट उरलेलं असायचं, म्हणून आकडा लहान. दोन्हीकडे वरातीमागून घोडं. आणि ज्यांच्याकडे ना परवाना ना कॅलेंडर, त्या पाणमांजरांनी बाळंतपणच महिनाभर अलीकडे आणलं होतं. मासे हलले, त्यांच्यामागे मासे खाणारी हलली, हललं नव्हतं फक्त कार्यालय. खारूच्या अहवालाने चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचं ठरवलं होतं.

"म्हणजे मासे कमी झालेच नाहीत?" खारूने विचारलं. तिच्या आवाजात आशा होती.

"ते मी कशाला म्हणू? झालेही असतील. वरच्या तळ्यात यांची पिल्लं आता लवकर बाहेर पडत असणार, आणि तिथले किडे अजून झोपलेले असले तर ती खाणार काय? ते तू बघ, तो तुझा अभ्यास. मी एवढंच म्हणते, की मला माहीत नाही." मग ती हळूच म्हणाली, "अठ्ठावीसला काच उघडली की मला ते दिसायचे, खारू. चार दिवस दिसायचे. मोजायचे नव्हते, म्हणून मोजले नाहीत."

खारूने दाराकडे पाहिलं. आत्याच्या निरोपासाठी कार्यालयाने पितळी पाटी करायला टाकली होती. 'एकतीस वर्षं, एकही चूक नाही.' ती या खोलीच्या दारावर लागायची होती. या बाईने त्यासाठी आपले डोळे झिजवले होते, सुट्ट्या सोडल्या होत्या, सख्ख्या भावाच्या आजारपणातसुद्धा मावळल्यावर येऊन उजाडायच्या आत परत गेली होती.

"ऐक," खारू म्हणाली. "अहवाल मी मागे घेते. नव्याने लिहिते. मोजणीच्या यंत्रणेत कालानुरूप त्रुटी आढळली, असं घालते. तुझं नाव कुठेच येणार नाही. पाणमांजरंही वाचतील."

"यंत्रणा म्हणजे कोण?"

"म्हणजे... एकूण पद्धत."

"या खोलीत मी एकटीच बसते, मॅडम. त्रुटी कुठे बसली होती, टेबलाखाली?" आत्याने चष्मा पुसला. "तू असं मोघम लिहिलंस की साहेब म्हणतील, बाईंचे आकडे पक्के आहेत, हे काहीतरी तांत्रिक दिसतंय, पिंजरे लावून टाका, त्रुटी मागाहून बघू. माझ्या आकड्यांवर पिंजरे आलेत. ते माझ्याच हाताने जायला हवेत. पेन दे. लाल दे."

आणि ती लिहायला बसली. शेवटच्या नऊ वह्या एकेक करून उघडल्या आणि प्रत्येकीत मोसमाच्या बेरजेखाली तेच वाक्य लिहिलं: 'खिडकी उशिरा उघडली. आकडा अपुरा. चूक माझी.' खाली सही, आजची तारीख. अक्षर नेहमीसारखंच गोल होतं. काचेपलीकडून मासे चाललेच होते. तिसऱ्या वहीनंतर खारूला बघवेना, पाचवीनंतर नजर हटेना. माणसाने असं असावं, तिला वाटलं, आणि आपल्याला हे कधी जमेल का, असंही वाटलं.

दुपारी साहेबांच्या खोलीत नऊ वह्या टेबलावर उघड्या पडल्या होत्या. साहेब माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला प्रत्येक गोष्ट सोमवारच्या आत हवी असायची. खारूने आधी बोलून घेतलं: आपण तापमानाचा रकाना वाचला नाही, अहवाल चुकीचा आहे, शिफारस मागे घेत आहोत. साहेबांनी ते ऐकलं, पण डोळे लाल अक्षरांवर होते.

"बाई, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं," ते म्हणाले. "तारीख तुम्ही ठरवली नव्हती. तुमच्या आधीपासूनची आहे. तुम्ही कशाला अंगावर घेता?"

"तारीख माझी नव्हती. डोळे माझे होते."

"तीन महिन्यांत निवृत्त होताय. हे बाहेर गेलं तर लोक काय म्हणतील? एकतीस वर्षांचं काम पाण्यात जाईल."

"एकतीस नाही, साहेब. नऊ," आत्या म्हणाली. "आधीची बावीस बरोबर आहेत."

साहेबांनी वह्यांवरून नजर फिरवली. मग त्यांनी गेल्या वर्षीची वही जवळ ओढली आणि या कार्यालयात सगळे ज्या सवयीने विचारत त्याच सवयीने विचारलं, "बरं, मग गेल्या वर्षी खरे मासे किती चढले?"

खारूने आत्याकडे पाहिलं. असा प्रश्न आला की आत्या क्षणभर छताकडे बघायची आणि शेवटच्या माशापर्यंतचा आकडा सांगायची. या वेळी ती छताकडे बघत नव्हती, सरळ साहेबांकडे बघत होती.

"माहीत नाही," ती म्हणाली.

हे दोन शब्द तिच्या तोंडून कार्यालयात पहिल्यांदाच निघाले असावेत. शब्द स्वच्छ होते. साहेबांनी वह्या एकेक करून मिटल्या, नीट एकावर एक रचल्या, आणि फोन उचलला. "वऱ्हांड्यातले पिंजरे परत पाठवा," ते म्हणाले. "नाही, सोमवारी नाही. कधीच नाही. आणि मासेमारांच्या अध्यक्षांना बोलवा, परवान्याच्या तारखेबद्दल बोलायचंय."

खारूला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. लहानपणापासून आकडा चुकत नाही म्हणून तिने या बाईला मान दिला होता. तो मान आता तिला अगदीच तोकडा वाटायला लागला.

"बसा बाई, चहा घ्या," साहेब म्हणाले. त्यांनाही काहीतरी करावंसं वाटत होतं.

पण आत्या पिशवी खांद्याला लावून उठली होती. पिशवीत हात घालून तिने दोन्ही मोजणीयंत्रं चाचपली आणि ती शून्यावर आणली.

"चहा मावळल्यावर," ती म्हणाली. "खाली मासे चाललेत, साहेब, आणि मोजायला कुणी नाही."